गावच्या मराठी शाळेचा इतिहास काढायचाय? हमखास येणारे प्रश्न

आमच्या शाळेच्या स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं ते "तुला लिहिता येतं ना, मग तूच कर" असं म्हणून. त्यानंतर आजूबाजूच्या गावातले लोक फोन करून तेच तेच विचारायला लागले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. जिल्हा परिषदेची शाळा असो की नगरपालिकेची, बऱ्याच गोष्टी सारख्याच आहेत.

सुरुवात कुठून करायची?

हेडमास्तरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून. लोक आधी म्हाताऱ्या माणसांकडे जातात, नाहीतर थेट पुण्यामुंबईच्या दफ्तरखान्याच्या गोष्टी करतात, आणि ज्या कपाटावर गणपतीची आरास ठेवलेली असते त्याच्या खालच्या कप्प्यात काय आहे ते कोणी बघत नाही. तिथं जनरल रजिस्टर असतं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, आडवं, उचलायला जड. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ त्यात असते: रजिस्टर नंबर, नाव, जात, जन्मतारीख, जन्मठिकाण, आधीची शाळा, दाखल तारीख, प्रगती, वागणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण. हे कायमचं जपायचं दप्तर आहे, त्यामुळे हजेरीपटं गेली, पगारपत्रकं गेली तरी हे बहुतेक ठिकाणी सापडतं.

त्यातला शेवटचा रकाना आधी वाचा. शाळा सोडण्याचं कारण. "शेतकामामुळे", "परगावी गेला", "लग्न झाले", "सतत गैरहजर", "मयत". आम्ही एका संध्याकाळी तिघी जणी बसून नुसता हा रकाना वाचत गेलो आणि अर्ध्या तासात कोणी काही बोलेना, कारण एकाच महिन्यात लागोपाठ चार ओळींत "मयत" होतं, चारही मुलं एकाच वस्तीतली. साथ असणार, कुठली ते रजिस्टर सांगत नाही. पण शाळेचा इतिहास म्हणजे मुख्याध्यापकांच्या नावांचा तक्ता आणि देणगीदारांचे फोटो एवढंच मी तोवर समजत होते, ते त्या दिवशी सुटलं.

स्थापना वर्ष पक्कं कसं करायचं? आमच्याकडे तीन वेगवेगळी वर्षं सांगतात.

तीन म्हणजे कमीच आहेत. आमच्याकडे पाच होती.

घोळ असा होतो की शाळा भरायला लागली ते साल, तिला सरकारी मंजुरी मिळाली ते साल, स्वतःची इमारत झाली ते साल आणि शाळा एका संस्थेकडून दुसरीकडे गेली ते साल, ही सगळी वेगवेगळी असतात आणि बोर्ड रंगवणारा त्यातलं जे कोणी सांगेल ते रंगवतो. शेजारच्या एका गावात शाळेच्या फलकावर स्थापना १ मे १९६२ लिहिलंय. आता १ मे १९६२ ही महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या ती तारीख. म्हणजे शाळा त्या दिवशी फक्त नव्या मालकाकडे गेली, पण त्या गावातल्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजोबांना विचारलं तर ते म्हणतात आम्ही तर त्याच्या आधीच चौथी पास झालो होतो की.

आमची स्वतःची फजिती सांगते. इमारतीवरची कौलं बदलताना एक जुनं मंगळुरी कौल खाली आलं, त्यावर कारखान्याच्या नावाशेजारी १८६५ साल उठवलेलं. झालं, कमिटीतल्या उत्साही मंडळींनी त्याच आठवड्यात बॅनर छापायला टाकला, शाळा १८६५ ची म्हणून. मग कोणीतरी शांतपणे सांगितलं की अहो, बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते साल आहे हे, कौल कधी भाजलं ते नाही, आणि छपरावर कधी चढलं ते तर त्याहून नाही. बॅनर अजून माझ्या माळ्यावर आहे, उलट्या बाजूने रंगपंचमीला अंथरतो.

मग करायचं काय? साल एकदम सापडत नाही, ते दोन्ही बाजूंनी दाबत आणावं लागतं. जनरल रजिस्टरातली सगळ्यात जुनी दाखल तारीख ही एक बाजू: शाळा त्याच्यानंतरची असूच शकत नाही. (रजिस्टर क्रमांक १ पासून सुरू होतंय का ते बघा. पहिलीच ओळ ४१२ नंबरची असेल तर आधी एक रजिस्टर होतं आणि ते हरवलंय.) दुसरी बाजू म्हणजे जुनी गॅझेटिअर, सरकारने छापलेली जिल्ह्यांची माहितीची पुस्तकं. मुंबई इलाख्याची, कॅम्पबेल यांनी संपादन केलेली जिल्हावार गॅझेटिअर साधारण १८८० ते १८८६ च्या दरम्यान निघाली, रत्नागिरी आणि खानदेश १८८०, नाशिक १८८३, सोलापूर आणि अहमदनगर १८८४, पुणे आणि सातारा १८८५, कोल्हापूर १८८६. त्यात शिक्षणाचं वेगळं प्रकरण असतं आणि गावांच्या माहितीत जरा मोठ्या गावात शाळा असेल तर तसा उल्लेख येतो. राज्याच्या गॅझेटिअर विभागाने ती ऑनलाइन टाकलीत, फुकट आहेत. गावाची माहिती दिलीय पण शाळेचा शब्द नाही म्हणून लगेच शाळा नव्हती असं मात्र धरू नका, छोटी गावं त्यात सुटलेलीच आहेत. त्याच्या पुढच्या काळासाठी १९५१ पासूनची जिल्हा जनगणना पुस्तकं बघा, गावात शाळा होती का ते त्यात कळतं.

हे सगळं करूनही नक्की साल मिळालं नाही तर "१८८० च्या दशकात" असं छापा. काही बिघडत नाही. पाहुण्यांना थोडं अडचणीचं होतं भाषणात, तेवढंच.

आजी म्हणते मी मराठी शाळेत होते. तेव्हा काय इंग्लिश मीडियम होतं का गावात?

नाही हो. जुन्या बोलण्यात मराठी शाळा म्हणजे प्राथमिक शाळा आणि इंग्रजी शाळा म्हणजे हायस्कूल. मराठी चौथी झाली की मूल "इंग्रजी पहिलीत" जायचं, म्हणजे आताची पाचवी. इंग्रजी तिसरी म्हणजे सातवी, इंग्रजी सातवी म्हणजे जुनी अकरावी, मॅट्रिक. म्हणून कोणी आजोबा "मी तिसरीतून शाळा सोडली" म्हणाले तर कुठली तिसरी ते विचारून घ्या, चार वर्षांचा फरक पडतो!

आणि ज्यांना इंग्रजीकडे जायचं नसे किंवा परवडत नसे ते मराठी शाळेतच सातवीपर्यंत शिकून व्हर्नाक्युलर फायनल द्यायचे. "फायनल पास" हा शब्द त्यातून आला. फायनल पास झालेला माणूस म्हणजे गावातला शिकलेला, त्याला मास्तरकी मिळायची, तलाठ्याकडे काम मिळायचं. तुमच्या शाळेतले जुने गुरुजी शोधाल तर बरेचसे त्याच किंवा शेजारच्या शाळेतले फायनल पास निघतील.

शाळा नक्की कोणाची होती? कागदावर कधी लोकल फंड, कधी लोकल बोर्ड, कधी स्कूल बोर्ड लिहिलेलं आहे.

सगळं बरोबर आहे, शाळा तीच, फक्त पाट्या बदलल्या. मुंबई इलाख्यापुरतं थोडक्यात सांगते.

१८५४ चा वूडचा खलिता (हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं धोरण ठरवणारं सरकारी पत्र) आला, १८५५ ला सरकारी शिक्षण खातं झालं. खेड्यातल्या शाळांना पैसा कुठून, तर १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा असा लोकल फंडाचा उपकर बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण गावोगावच्या या शाळा कोणाच्या दयेवर नाही, शेतकऱ्याच्या साऱ्यावर चालल्या. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे हेच मांडलं की पैसा रयतेकडून घेता आणि खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर करता, आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

पुढे १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डं आली. गोखल्यांनी १९११ ला सक्तीच्या शिक्षणाचं बिल मांडलं ते पडलं. १९१८ ला विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने नगरपालिकांना सक्ती लावायची मुभा मिळाली, १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डं आणि नगरपालिका यांच्याकडे गेला, १९४७ ला नवा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा, जिल्हा स्कूल बोर्डं, आणि मग १९६२ ला जिल्हा परिषद. नगरपालिकेच्या शाळांचं वेगळं शाळा मंडळ असायचं, म्हणून छोट्या शहरात "शाळा नंबर १", "शाळा नंबर २" अशी नावं दिसतात. नंबर १ सगळ्यात जुनी असेलच असं धरून चालू नका, नंबर मागाहूनही दिलेले असू शकतात.

आम्ही मराठवाड्यात आहोत / विदर्भात आहोत / संस्थानात होतो.

मग वरचं उत्तर तुम्हाला लागू नाही, आणि पुण्याच्या लोकांनी लिहिलेल्या स्मरणिका बघून कॉपी करू नका, कृपया. एका मराठवाड्यातल्या शाळेच्या पुस्तिकेत "लोकल बोर्डाची शाळा" वाचून मी कपाळाला हात लावला होता.

मराठवाडा निजामाच्या राज्यात, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. तिथलं जुनं शाळेचं दप्तर बरंचसं उर्दूत, आणि तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मिडल, फोकानिया म्हणजे हायस्कूल. तारखा फसली सनात. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, पण ते वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून नोंद जानेवारीपासून पुढच्या महिन्यातली असेल तर ५९१ मिळवा. फसली १३४० म्हणजे ऑक्टोबर १९३० ते १९३१. विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात, तिथं १९४८ नंतर काही वर्षं जनपद सभा (तिथली स्थानिक स्वराज्य संस्था) हा शब्द सापडेल, आणि तिथली चौथीपर्यंत प्राथमिक, मग मिडल स्कूल अशी रचना वेगळी. दोन्ही भाग १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आले.

संस्थानांचं प्रत्येकाचं वेगळं. कोल्हापूर असेल तर तुमचं नशीब थोर, शाहू महाराजांनी १९१७ ला मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. बडोद्याला सयाजीरावांनी त्याच्याही आधी, १८९३ ला अमरेलीत सुरू करून १९०६ ला राज्यभर. अशा गावात एका वर्षात पट अचानक वाढलेला दिसला तर कारण तिथं शोधा.

रजिस्टर मोडीत आहे, वाचता येत नाही.

शिका. मस्करी नाही, महिनाभरात शाळेच्या रजिस्टरापुरती मोडी येते, कारण तेच तेच शब्द असतात, नाव, बापाचं नाव, जात, तारीख. पुस्तकी मोडी वाचायला वेळ लागतो, रकान्यातली नाही. आणि तारीख शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते चैत्र पाडव्यापर्यंतची असेल तर ७९.

अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून कसा?

कारण शाळा जूनमध्ये सुरू होते. मुलाला घेऊन आलेल्या बापाला जन्मतारीख माहीत नसे, "पटकी (कॉलरा) आली होती त्या वर्षीचा" असं काहीतरी सांगायचा, मग गुरुजी मुलाला हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगायचे, पोचला की सहा वर्षांचा. त्यात दाखल व्हायला वय बसावं म्हणून १ जून. आमच्या एका रजिस्टरात एका पानावरच्या वीस मुलांपैकी चौदा १ जूनला जन्मलेली आहेत. म्हणून या तारखांवरून इतिहास काढू नका, दाखल तारखेवरून काढा, ती गुरुजींनी त्या दिवशी लिहिलेली असते.

लॉगबुक म्हणजे काय? मिळतं का?

मिळालं तर सोन्याचं. तपासणीला आलेला अधिकारी, जुन्या लोकांच्या भाषेत डिपोटी, त्यात शेरा लिहायचा, म्हणून काही ठिकाणी शेरेबुक म्हणतात. शेऱ्यांची भाषा तुसडी असते आणि म्हणूनच खरी वाटते. पट इतका, हजर इतके, तिसरीचं गणित कच्चं, पाढे बरे, नकाशा फाटलेला, छप्पर गळते, मागील शेऱ्याप्रमाणे दुरुस्ती झालेली नाही. "मागील शेऱ्याप्रमाणे दुरुस्ती झालेली नाही" हे वाक्य आमच्याकडे अकरा वर्षं येतं. वेगवेगळ्या अक्षरात, वेगवेगळ्या साहेबांचं, तेच वाक्य, आणि मग बाराव्या वर्षी एकदम "नवीन इमारतीत शाळा पाहिली".

गावावर काय काय आलं ते पण त्यात कळतं. प्लेगात शाळा बंद, गाव रानात झोपड्या टाकून राहिलं. १९१८ चा इन्फ्लुएंझा. ११ डिसेंबर १९६७ नंतर साताऱ्या-सांगलीकडच्या शाळांत भिंतीला तडे गेल्याच्या नोंदी शोधा, कोयनेचा भूकंप. १९७२ चा दुष्काळ असेल तर सुकडी वाटपाचा हिशोब कुठेतरी असतो.

लॉगबुक नसेल तर डेड स्टॉक रजिस्टर बघा. खुर्ची १, टेबल १, पृथ्वीचा गोल १, घंटा (रुळाचा तुकडा) १. आमचा तो रुळाचा तुकडा अजून आहे, आवाज पार बाजारपेठेपर्यंत जातो.

मुली कधीपासून शिकायला लागल्या?

पुण्यात भिडेवाड्यात १८४८ ला फुल्यांनी शाळा काढली हे सगळे लिहितात. पण तुमच्या गावात कधी, ते लिहा ना! रजिस्टरात पहिलं मुलीचं नाव शोधायचं, तिची जात काय, बाप काय करायचा (बऱ्याचदा मास्तर, तलाठी, पोस्टमास्तर असा नोकरीवाला), आणि ती किती इयत्तांपर्यंत टिकली. पहिली मुलगी दाखल झाली ते साल आणि पहिली मुलगी चौथी पास झाली ते साल, आमच्याकडे यात एकोणीस वर्षांचं अंतर निघालं. मधल्या सगळ्या जणी दुसरी-तिसरीत गळल्या.

गावात वेगळी कन्याशाळा होती का तेही बघा, कारण असेल तर मुलींचं रजिस्टर वेगळं आणि ती शाळा नंतर मुलांच्या शाळेत विलीन झाली असेल तर ते रजिस्टर कोपऱ्यात कुठेतरी "इतर कागद" म्हणून बांधून ठेवलेलं असतं.

दलित मुलं वेगळी बसायची वगैरे स्मरणिकेत लिहायचं का? कमिटी म्हणते जुनं उकरू नका.

लिहायचं. माझं मत स्पष्ट आहे, आणि आमच्या कमिटीत यावरून दोन मीटिंगा नुसत्या चहावर संपल्या, तिसऱ्या मीटिंगला ठरलं.

कारण हा शाळेच्या इतिहासाचा बाजूचा भाग नाही, मधला आहे. १८५६ ला धारवाडला (तेव्हा मुंबई इलाख्यात) एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला, ते प्रकरण वर ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांपर्यंत पोचलं. पुढे कागदावर सरकारी शाळा सगळ्यांना उघडी होती. पण शाळा भरायची कुठे? मारुतीच्या देवळात, नाहीतर कोणाच्या वाड्याच्या ओसरीवर. जिथं ज्या मुलाला पायरी चढायची बंदी तिथं त्याला शाळा उघडी कशी असणार? म्हणून शाळा देवळातून सरकारी इमारतीत कधी आली हा नुसता बांधकामाचा प्रश्न नाहीये. आमच्या रजिस्टरात इमारत झाली त्याच्या पुढच्या तीन वर्षांत महारवाडा-मांगवाड्यातली मुलं एकदम दिसायला लागतात.

दुसरं, बऱ्याच गावांत त्यांच्यासाठी वेगळी शाळा होती. कागदात ती कधी अंत्यज शाळा, कधी स्पेशल शाळा, कधी हरिजन शाळा म्हणून येते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ ला अशा वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकत्र बसवायला लावलं, मुंबई सरकारने १९२३ ला अनुदानित शाळांना बजावलं की प्रवेश नाकाराल तर ग्रँट बंद. तुमच्या गावातली ती दुसरी शाळा कधी विलीन झाली, तिचे मास्तर कोण होते, हे शोधा. शंभर वर्षं म्हणून साजरी करताना एकाच शाळेची शंभर धरायची आणि दुसरी जणू नव्हतीच, असं बहुतेक स्मरणिकांमध्ये झालंय.

आणि रजिस्टरातल्या एका ओळीची किंमत काय ते बघायचं असेल तर साताऱ्याचं उदाहरण आहेच. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथल्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं, रजिस्टर नंबर १९१४. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

शाळेचं नाव "जीवन शिक्षण मंदिर" आहे, हे कुठून आलं?

गांधीजींच्या नई तालीममधून. १९३७ ला वर्ध्याला परिषद झाली, झाकीर हुसेन समितीने आराखडा केला, हाताने काम करत शिकायचं. त्यातून शाळाशाळांत टकळी आणि चरखा आला. तुमच्या डेड स्टॉकमध्ये टकळ्या लिहिलेल्या असतील तर हेच ते. सूतकताईच्या तासाला पेळू (कापसाच्या सुरळ्या) चोरून घरी वाती करायला न्यायचे असं आमच्या वडिलांच्या वर्गातले लोक अजून सांगतात.

जमीन कोणी दिली ते कसं कळेल?

गावात सांगतात त्याच्यावर जाऊ नका, तलाठ्याकडे जा. सातबारा बघून फेरफार नंबर मागे मागे काढत न्यायचा, गावठाणातली जागा असेल आणि सिटी सर्व्हे झाला असेल तर भूमी अभिलेखला मिळकत पत्रिका. बक्षीसपत्र झालं असेल तर नोंदणी कार्यालयात सापडतं. बऱ्याचदा झालेलंच नसतं, तोंडी दिलेली जमीन, सातबाऱ्यावर अजून देणाऱ्याच्या पणजोबांचं नाव. हे तुम्ही शोधून काढलंत की एक गंमत होते, पणतू जागे होतात. म्हणून आधी मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायतीला सांगा, मग स्मरणिकेत छापा. उलट्या क्रमाने केलेलं मी पाहिलंय, कोर्टात आहे ते प्रकरण.

म्हाताऱ्या लोकांच्या आठवणींवर किती विश्वास ठेवायचा?

प्रसंगांवर ठेवा, सालांवर नको. गुरुजींनी कुठल्या झाडाच्या फोकाने मारलं, पाटीवरचं थुंकीने पुसलं की कोणी ओरडायचं, दुधाच्या पावडरीचं दूध कसं उसाच्या चिपाडासारखं लागायचं, हे बरोबर असतं. "आम्ही साठ-एकसष्टला" म्हणाले की रजिस्टर उघडा. आणि फी किती होती विचारताना लक्षात ठेवा, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, त्याच्या आधीचा आणा म्हणजे जुने चार पैसे, रुपयाला सोळा आणे. एकच माणूस एकाच वाक्यात दोन्ही हिशोब मिसळतो.

एकट्याने जाऊ नका, आणि त्यांच्याच वर्गातल्या दोघांना एकत्र बसवा. ते एकमेकांना खोडून काढतात त्यातून जे उरतं ते घ्यायचं.

शाळा रजिस्टर दाखवत नाही.

आधी त्यांची बाजू समजून घ्या. त्यात लोकांची जात आणि जन्मतारीख आहे, आणि रजिस्टरात कोणी काही खाडाखोड केली तर मुख्याध्यापकांची नोकरी जाऊ शकते. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हापासून तर या रजिस्टरांकडे सगळ्यांचंच लक्ष आहे. लेखी अर्ज द्या, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, शाळेतच बसून, त्यांच्यासमोर, पेन खिशात ठेवून बघा (पेन्सिल चालेल). नाहीच झालं तर माहितीचा अधिकार आहे, १० रुपये फी, ३० दिवस. पण त्यात दुसऱ्यांची खाजगी माहिती नाकारू शकतात, आणि एकदा अर्ज टाकला की गोडीगुलाबी संपते. मी शेवटी चहापोहे घेऊन गेले होते, त्याचा जास्त उपयोग झाला.

लोक स्मरणिकेसाठी नाही, जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची नोंद मागतात. देता येते का?

तुम्ही नाही, शाळा देते. त्याला प्रवेश-निर्गम उतारा म्हणतात. पुरावा ठराविक तारखेच्या आधीचा लागतो, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. म्हणून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं पान एवढं मोलाचं. तुम्ही इतिहास काढताना गावातल्या कोणाच्या आजोबांची ओळ दिसली तर त्यांना नंबर सांगून ठेवा, पुण्य लागेल.

पानं तुटायला लागलीत, लॅमिनेट करू का?

अजिबात नको! सेलोटेपही नको, दहा वर्षांत तो पिवळा होऊन शाई घेऊन निघतो. उन्हात वाळवू नका. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, पुठ्ठ्याचा आणि कोऱ्या पानांचाही, आणि दोन ठिकाणी ठेवा. रजिस्टर सुती कापडात गुंडाळून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवायला सांगा. वाळवी खालून येते.

शाळाच बंद झाली, पट नव्हता. दप्तर कुठे गेलं?

बहुतेक ज्या शाळेत विलीन केली तिथं किंवा केंद्रशाळेत. नाहीतर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात. केंद्रप्रमुखांना विचारा, त्यांना माहीत असतं. लवकर विचारा, खोली रिकामी करताना पहिली जातात ती जुनी कागदं.

अलीकडचा इतिहास पण घ्यायचा का?

घ्यायचा की. १९८७ नंतर खडू-फळा योजनेत कितीतरी शाळांना दुसरी खोली आणि दुसरे गुरुजी मिळाले. नव्वदच्या दशकात मुलींना हजेरीचा रोजचा १ रुपया. १५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहार सुरू झाला तो आधी महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायचा होता, शिजवलेली खिचडी नंतर आली. २०१० ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला. आणि गावात इंग्लिश मीडियमची पिवळी बस पहिल्यांदा आली ते साल, त्या साली पट किती होता आणि पाच वर्षांनी किती, ते शेजारीशेजारी लिहून बघा.

शाळेचा पहिला विद्यार्थी कोण, त्याच्या घरच्यांचा सत्कार करायचाय.

आम्हालाही करायचा होता. रजिस्टर उघडलं तर पहिल्या पानाचा वरचा कोपरा उंदराने खाल्लेला, एक ते सहा नंबर गेलेले. सातवा नंबर वाचता येतो, एका सुताराचा मुलगा, दुसरीतून शाळा सोडली, कारण "बापाच्या हाताखाली". त्याचे पणतू तालुक्याला फर्निचरचं दुकान चालवतात, ते आले, नारळ घेतला, मग म्हणाले त्या सहा जणांचं काय? कमिटीने सहा रिकाम्या खुर्च्या ठेवाव्यात असं कोणीतरी सुचवलं, ते जरा नाटकी वाटलं म्हणून सोडून दिलं. पत्रिकेत "उपलब्ध नोंदीतील पहिला विद्यार्थी" असं छापलं आणि सहा नारळ शाळेतच फोडले, खोबरं मुलांना वाटलं.